वहिनीच्या रेघोट्या

माझी वहिनी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि रोज चार-पाच वर्षांच्या माणसांचा मार खाऊन घरी येते. कधी मनगटावर दातांचा गोल ठसा, कधी कपाळावर लाकडी ठोकळ्याचं टेंगूळ. दार उघडलं की मी विचारते, "आज कोण?" ती चपला काढत म्हणते, "मंत्री." किंवा म्हणते, "लिफ्टवाला. पण चूक माझीच, मी न सांगता पंखा बंद केला." मार खायचा हिनं आणि वर चूकही हिचीच. दादाबरोबर बावीस वर्षं संसार करून ही सवय लागली म्हणावं, तर आमचा दादा माशीसुद्धा मारत नाही, नुसता हात हलवून तिला जा म्हणतो.

वहिनी ज्या केंद्रात काम करते तिथे मुलांच्या वागण्यावर उपचार करतात. पाच वर्षांची होऊनही न बोलणारी, मोठा आवाज आला की कान दाबून जमिनीवर लोळणारी, शाळेनं चार दिवसांत परत पाठवलेली मुलं तिथे येतात. एका मुलामागे एक ताई, आणि तासातासानं एकेक गोष्ट शिकवायची. हाक मारली की बघायला, हवं ते मागायला, आपली पाळी येईपर्यंत थांबायला. ही शेवटची गोष्ट आमच्या घरात अजून कोणालाच जमलेली नाही.

मुलांची खरी नावं केंद्राबाहेर काढायची नाहीत असा तिथला कडक नियम आहे, म्हणून वहिनीनं घरापुरती टोपणनावं पाडली आहेत. 'मंत्री' ठरलेल्या वेळेशिवाय कोणाला भेटत नाही. 'लिफ्टवाला' दिसेल ते बटण दाबतो. दादा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे त्याला या मुलाबद्दल विशेष जिव्हाळा. आणि 'टाचणी'. पाच वर्षांची, काडीसारखी मुलगी. कायम चवड्यांवर चालते, टाच म्हणून जमिनीला टेकवत नाही, म्हणून टाचणी. ही गोष्ट तिचीच आहे, पण वहिनीला मध्ये घेतल्याशिवाय ती सांगता येत नाही.

मी कोण, तर नणंद. छापखान्यात मुद्रितं तपासते. लोकांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असा सुखाचा धंदा. घरी तू हेच काम फुकट करतेस, असं दादा म्हणतो. त्याच्या प्रत्येक वाक्यात दोन तरी चुका असतात, त्याला मी काय करू?

वहिनी मुळात या कामातली नव्हे. त्याच केंद्रात ती नऊ वर्षं बाहेरच्या काउंटरवर होती. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, उशिरा आलेल्या पालकांना पाणी द्यायचं. पण आत रडून गोंधळ घालणारं मूल सुटलं की धावत जाऊन तिच्या काउंटरखाली शिरायचं आणि गप्प व्हायचं. केंद्राच्या मोठ्या मॅडमनी एकदा विचारलं, "तू नेमकं करतेस काय यांना?" वहिनी म्हणाली, "काहीच करत नाही, म्हणून येत असतील." मॅडमना हे उत्तर फार आवडलं. इतकं आवडलं, की त्यांनी तिला 'करायला' शिकायला पाठवलं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आमची वहिनी स्वतःच्या मुलीच्या वयाच्या पोरींच्या शेजारी बसून परीक्षा पास झाली आणि काउंटरवरून उठून आतल्या खोलीत गेली. चार-चार वर्षांची मुलं तिला ताई म्हणायला लागली. दादा तीन दिवस हसत होता.

नवी विद्या माणूस आधी घरच्यांवर चालवून बघतो. दादानं ओला टॉवेल दोरीवर टाकला की आतून आरोळी यायची, "शाब्बास! टॉवेल वाळत घातलात!" दादा दचकून टॉवेल पुन्हा काढायचा. मी कप विसळून ठेवला की माझ्या पाठीवर थाप. काम सांगायचं तर दोन बोटं वर करून, "आधी भांडी, मग टीव्ही." दादा रुसला तर ही त्याच्याकडे बघतच नाही. "लक्ष दिलं नाही, की असलं वागणं आपोआप विझतं," असं माझ्या कानात सांगते. दादाचं रुसणं खरंच विझलं, हे मात्र मला कबूल करावं लागेल. तिच्या अंगाला रोज कुठे ना कुठे बक्षिसाचा एखादा स्टिकर चिकटलेला असतो. एकदा पाठीवर हिरवा बेडूक घेऊन ती सगळा बाजार करून आली, आणि भाजीवाल्यापासून औषधवाल्यापर्यंत एकानंही सांगितलं नाही.

मी एकदा तिची खोली बघून आले. बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या, त्यातल्या एकीवर वहिनी कशीबशी मावते. भिंतीत एक काच आहे, तिच्या पलीकडे बसून आईवडिलांना आतलं दिसतं. टेबलाखाली डबा, त्यात साबणाच्या फुग्यांची बाटली, भोवरा, रंगीत ठोकळे. हे ठोकळे रोज संध्याकाळी साबणानं धुवावे लागतात, कारण दिवसभरात ते सहा तोंडांतून फिरून आलेले असतात. कामावर असताना वहिनीच्या कानात काही नाही, गळ्यात काही नाही, केस घट्ट अंबाड्यात. जे लोंबतं ते ओढलं जातं, हा तिथला पहिला धडा.

पण या कामाचा सगळा जीव आहे तक्त्यात. मूल काय करतं ते नुसतं बघून भागत नाही, कागदावर मांडावं लागतं. शब्दाला रेघ, हट्टाला रेघ, किंकाळीला रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. रविवारी सकाळी वहिनी आठवड्याभराच्या या रेघोट्या जेवणाच्या टेबलावर पसरून स्वच्छ कागदावर उतरवते आणि मी शेजारी बसून ऱ्हस्वदीर्घ बघते. तक्त्यावर मुलाचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. तरीही ते घरी आणायचे नसतात, हे मला मागाहून कळलं.

टाचणीच्या तक्त्यात चार रकाने होते. मी काय म्हटलं, ती काय म्हणाली, शेरा, आणि पुढे काय झालं. शेऱ्यात दोनच खुणा चालायच्या. मुलानं स्वतःहून शब्द काढला तर 'स्व.' आणि आपण म्हटलेलाच शब्द परत म्हटला तर 'पु.', म्हणजे पुनरुच्चार. अशी मुलं पुष्कळदा कानावर पडलेला शब्द जसाच्या तसा परत म्हणतात, त्यात अर्थ असेलच असं नाही, असं वहिनी शिकून आली होती.

पाच आठवडे गेल्यावर टाचणी एकच शब्द म्हणायला लागली. बस.

हा शब्द तिला आयताच मिळालेला होता. या मुलांशी लांबलचक बोलायचं नाही, एकेका शब्दात सांगायचं, असा मॅडमचा नियम. ये. बस. बघ. दे. त्यामुळे प्रत्येक खेळाआधी वहिनी खुर्चीवर थाप मारून "बस" म्हणायची. टाचणी बसायची. सहा-सात ठोकळे डब्यात टाकायची. आणि मध्येच टेबलाकडे बघत, बारीक आवाजात म्हणायची, "बस." वहिनीला आनंद व्हायचा, निदान आवाज तर फुटला. ती लगेच "हो! बस! शाब्बास!" म्हणून पुन्हा खुर्चीवर थाप मारायची, उठायला लागलेल्या टाचणीला खांद्याला धरून हलकेच खाली बसवायची आणि कागदावर लिहायची. बस, पु.

असे कित्येक आठवडे गेले. बस, पु. त्याच्याखाली बस, पु. एका रविवारी माझं डोकं उठलं. म्हटलं, "वहिनी, सारखं तेच तेच काय लिहीत बसतेस? खाली डिट्टोच्या खुणा करत जा की." तिला पटलं. तेव्हापासून त्या रकान्यात वर एकदा 'बस' आणि खाली नुसती मुंग्यांची रांग. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे वहिनीनं सगळा दोष आपल्या डोक्यावर घेतला, पण त्यातला निम्मा माझा आहे.

टाचणीची आई रोज काचेपलीकडे बसायची. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. दुपारची सुट्टी मागून यायची. मुलीच्या दोन वेण्या मात्र अशा घट्ट आणि अशा सारख्या, की पट्टी लावून मोजाव्यात. "पोर जरा विस्कटलेली दिसली की लोक लगेच वळून बघतात हो," असं ती एकदा म्हणाली होती. "नीटनेटकी असली की निदान पहिली पाच मिनिटं कोणी काही विचारत नाही." आणि पहिल्याच दिवशी तिनं वहिनीला सांगितलं होतं, "ताई, मला गाणी-गोष्टी नकोत. आई म्हणाली नाही तरी चालेल. तिचा स्वतःचा एक शब्द येऊ दे. कुठलाही."

त्यासाठी बारा आठवड्यांची मुदत होती. मग मॅडम, आई आणि वहिनी यांची बैठक. मुदत संपत आली तेव्हा 'स्व.'च्या नावानं भोपळा होता आणि आरडाओरड मात्र महिन्याभरात दुपटीनं वाढली होती. असं झालं की पुढे काय होतं ते ठरलेलं असतं. शब्दांचा तास बंद आणि त्याऐवजी शांत बसण्याचा सराव. मॅडमनी ते वहिनीच्या कानावर घातलंही. "आधी तिला एका जागी बसता आलं पाहिजे. शब्दांचं नंतर बघू." हे 'नंतर' कधी उजाडतं, ते काउंटरवर नऊ वर्षं वेळा लिहिलेल्या वहिनीला चांगलं ठाऊक होतं.

बैठक शुक्रवारी होती. बुधवारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. वहिनीचं लक्ष ताटात नव्हतं, वाढण्यात नव्हतं, कशातच नव्हतं. दादाच्या ताटात तिनं एक डाव भाजी वाढली, दुसरा वाढला.

"बस," दादा म्हणाला.

तिनं तिसरा डाव भरला.

"बस, बस!" दादानं ताटावर हात आडवा धरला.

"बसलाच आहात की," वहिनी तंद्रीतच म्हणाली.

मला ठसकाच लागला. दादा म्हणाला, "अगं बाई, बस म्हणजे पुरे! वाढतेस काय अशी, उद्या उपास आहे का माझा?"

वहिनीचा डाव हवेतच राहिला. रस्सा टपटप टेबलावर सांडत होता. "काय म्हणालात?"

"काही नाही. वाढ, वाढ तुला वाढायचं तर."

"नाही, आत्ता काय म्हणालात? बस म्हणजे?"

"पुरे," दादा घाबरून म्हणाला. "म्हणजे, नको आता."

तिनं डाव पातेल्यात सोडला आणि खरकट्या हातानंच पिशवीकडे गेली. पदार्थ राहिले बाजूला, टेबलावर टाचणीचे तक्ते आले. आत्तापर्यंत आम्ही दोघी ते कागद उभे वाचत होतो. एका रकान्यातून खाली, मग दुसऱ्या रकान्यातून खाली. आज वहिनी बोट ठेवून आडवं वाचायला लागली. बस, पु., आरडाओरड. बस, पु., टेबलाखाली शिरली. बस, पु., ठोकळे फेकले. डिट्टो, पु., आरडाओरड. डिट्टो, पु., माझा हात चावली. पाचच ठिकाणी पुढे 'शांत' लिहिलेलं होतं. वहिनीनं समासात टिपलेली वेळ बघितली. त्या पाचही वेळी तास संपल्याची घंटा झाली होती आणि तिनं टाचणीला उठू दिलं होतं.

मी वीस वर्षं हेच काम करते. एक ओळ डोळ्यांखालून सुटली तर मला ती टोचते. आणि इथे पानंच्या पानं सुटली होती.

"वन्सं, ती मला सांगत होती," वहिनी म्हणाली. "पुरे झालं म्हणून सांगत होती, आणि मी शाब्बास म्हणून तिला परत बसवत होते. त्रेसष्ट वेळा म्हणाली ती." आणि ती रडायला लागली. बावीस वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हासुद्धा.

दादाला रडणाऱ्या माणसासमोर काय करावं ते कधीच कळत नाही, म्हणून तो काहीतरी सुचवतो. "अगं, मग हे चांगलंच की! परवा सांग, या आठवड्यात तिला शब्द आला म्हणून. आई खूश, मॅडम खूश. मागचं कशाला उकरायचं? झाकली मूठ..."

खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. मॅडम हिला पुन्हा काउंटरवर पाठवतील अशी मला भीती होती. तिनं ती परीक्षा कशी दिली ते मी पाहिलं होतं.

"आला नाही हो," वहिनी नाक पुसत म्हणाली. "होताच. या आठवड्यात आला म्हटलं, तर मागचे सात आठवडे ती उगाचच किंचाळत होती असं ठरतं. नुसता हट्ट केला तिनं, असं ठरतं. आणि पाठवू देत काउंटरवर. तिथे मी मुलांना निदान उठू तरी द्यायची."

मी आत जाऊन माझं लाल पेन घेऊन आले. आमच्या धंद्यात चूक खोडरबरानं पुसत नाहीत. ती दिसती ठेवायची आणि शेजारी दुरुस्ती करायची. पण त्रेसष्ट ठिकाणी दुरुस्ती करायची कशी, जागा कुठे आहे, असा विचार करत मी त्या कागदाकडे बघत होते आणि एकदम मला हसूच आलं.

"वहिनी, फारसं काही करायचंच नाही. 'पु.' तर आहेच. टिंब काट आणि पुढे 'रे' लिही."

तिनं बघितलं. पु. पुरे. रडता रडता तीही हसली. मग ती एकेक ओळ बोटानं दाखवत गेली आणि मी लाल शाईनं टिंब काटून 'रे' लिहीत गेले. डिट्टोच्या जागी पुन्हा अख्खा 'बस' लिहिला, प्रत्येक ठिकाणी. दादानं न सांगता टेबल पुसलं, भांडी घासली, आणि कोणी शाब्बास म्हणतं का म्हणून दोनदा बघून गेला.

शुक्रवारच्या बैठकीला मी नव्हते, पण वहिनी मॅडमची नक्कल इतकी हुबेहूब करते, की असल्यासारखंच आहे. मॅडमनी तक्ते हातात घेतले आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. टाचणीची आई पर्सचा बंद मुठीत आवळून बसली होती.

"हे लाल काय आहे?" मॅडमनी विचारलं.

वहिनी दोन दिवस भाषण पाठ करत होती, ते सगळं विसरली. म्हणाली, "मॅडम, ती बस म्हणायची ते पुरे या अर्थानं. मी त्याला नक्कल समजले. सात आठवडे ती पुरे म्हणाली आणि मी तिला धरून बसवलं. शब्द तिचा आहे. चूक माझी आहे."

मॅडमनी एक पान डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाल्या, "हे अक्षर तुझं नाही."

"माझ्या नणंदेचं आहे. छापखान्यात मुद्रितं तपासतात."

"तक्ते घरी न्यायचे नसतात, माहीत आहे ना?"

"हो."

"पुन्हा नेऊ नकोस. आणि नणंदबाईंना सांग, चौथ्या पानावर एक 'रे' राहिलाय."

मी दोनदा तपासलं होतं. तो एक 'रे' मला अजून सलतो.

मग मॅडम उठल्या, भिंतीवर लावलेल्या एकशब्दी सूचनांच्या यादीपाशी गेल्या, आणि त्यातला 'बस' त्यांनी स्वतः काटला. "हा मीच घातला होता. त्याला दोन अर्थ आहेत हे मला कुणी सांगायला हवं होतं का?" त्याजागी त्यांनी 'खुर्ची' लिहिलं. शब्दांचा तास चालूच राहणार होता. वहिनी काउंटरवर जाणार नव्हती. सगळं काही आम्ही घरी नवस बोलल्यासारखं झालं, आणि आता टाचणीच्या आईला आनंद होईल म्हणून वहिनीनं तिच्याकडे बघितलं.

आई म्हणाली, "घरीही मी तुम्ही सांगितलं तसंच करत होते."

"हो, छान करत होतात तुम्ही," वहिनी म्हणाली.

"सकाळी वेणी घालताना म्हणते ती. रोज म्हणते. मला वाटायचं, ताईंनी शिकवलेलं म्हणून दाखवते आहे. मी कौतुकानं म्हणायची, हो राणी, बस हं. आणि गुडघ्यांत घट्ट धरून ठेवायची. दोन वेण्या होईपर्यंत." एवढं बोलून तिनं तोंडावर हात घेतला. वहिनीच्याही डोळ्यांचं पाणी खळेना. मॅडमनी कागदी रुमालांचा डबा दोघींच्या पुढे सरकवला आणि मग हळूच त्यातला एक स्वतःही घेतला.

सोमवारी वहिनी परीक्षेला निघाल्यासारखी घरातून निघाली. तासाला तिनं खुर्चीकडे हात करून "खुर्ची" म्हटलं. टाचणीनं खुर्चीकडे असं बघितलं, की ही कधी आणली? पण बसली. सहा ठोकळे डब्यात टाकले आणि म्हणाली, "बस."

वहिनीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "पुरे? बरं." आणि डबा बाजूला सरकवला.

टाचणीचा खांदा वर आलेला होता. आता हात पडणार म्हणून तो खांदा आपण होऊनच वर आला होता, असं वहिनी सांगते. हात पडला नाही. टाचणीनं वहिनीच्या तोंडाकडे बघितलं, नीट, दोन्ही डोळ्यांनी. मग उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, एक ठोकळा टाकला आणि म्हणाली, "बस." डबा पुन्हा बाजूला. पुन्हा खिडकी, पुन्हा ठोकळा, पुन्हा बस. तासाभरात अकरा वेळा. काम म्हणून पाहिलं तर काही झालं नाही, आणि वहिनीला त्याहून चांगला तास आजवर मिळालेला नाही. आता टाचणीची टाच टेकली असेल, असं तुमच्या मनात आलं असेल. तसलं काही झालं नाही. पोरगी आहे तशीच चवड्यांवर आहे.

फक्त त्या दिवशी तिची उजवीकडची वेणी नेहमीसारखी घट्ट होती आणि डावीकडचे केस मोकळे, सारखे तोंडावर येणारे. खिडकीशी खेळताना सुटली असेल, असं वहिनीला वाटलं. तास संपल्यावर दाराशी आई उभी होती. वहिनीचा हात सवयीनं पिशवीत गेला. कंगवा काढून ती म्हणाली, "थांबा, सुटलीय वाटतं. मी पटकन घालून देते."

"सुटली नाही हो," आई म्हणाली. "घातलीच नाही. एक झाली, आणि दुसरीला हात लावला तर म्हणाली..."

टाचणीनं मान वर करून आईकडे बघितलं.

"बस," ती म्हणाली.

"हो," आई म्हणाली. "पुरे."

वहिनीनं कंगवा पिशवीत टाकला. आणि एका बाजूला वेणी, एका बाजूला मोकळे केस अशी ती पोरगी आईचं बोट धरून, भर रस्त्यात लोक वळून बघत असताना, चवड्यांवर नाचत घरी गेली.